साथ आली तरी उपचार थांबू नये

(हैदराबाद येथे कर्करोगाचे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्यकशास्त्राची जाणकार नाही. देगलूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षे मुलांना शिकवले आणि २०२० साली या हैदराबाद शहरात कर्करोगाचे उपचार घेतले. एवढ्याच अधिकारावर मी आज आपणांपुढे उभी आहे. ज्या वर्षी सारे जग दारे लावून घरात बसले होते, त्या वर्षी मला दर तीन आठवड्यांनी घराबाहेर पडावे लागले. त्या वर्षाने मला जे शिकवले ते आपणांस सांगावे, म्हणजे पुढे एखाद्याला ते स्वतःच्या जिवावर शिकावे लागणार नाही, एवढाच माझा हेतू आहे.

आम्ही नांदेड जिल्ह्यातील माणसे मोठ्या दुखण्यासाठी हैदराबादला का येतो, असे कोणी विचारील. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. पुढे सरहद्द बदलली, पण दुखण्याखुपण्याची वाट बदलली नाही. येथील मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था १९५५ सालची. तिच्या आवारात तेलुगू, उर्दू, कन्नड आणि मराठी या चारही भाषा कानांवर पडतात. देगलूरहून मदनूर, जोगीपेठ, संगारेड्डी या मार्गाने मोटारीने चार-पाच तासांत माणूस हैदराबादला पोहोचतो. या वाटेचे मोल मला मार्च २०२० मध्ये कळले, कारण तेव्हा ती बंद झाली.

दोन भये

माझ्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया जानेवारी २०२० मध्ये झाली. त्यानंतर दर एकवीस दिवसांनी एक, अशा केमोथेरपीच्या आठ मात्रा ठरल्या. पहिली १३ फेब्रुवारीला झाली, दुसरी ५ मार्चला. तिसरीची तारीख होती २६ मार्च. मध्यंतरी ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक साथ जाहीर केली, २२ मार्चपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. म्हणजे माझ्या तिसऱ्या मात्रेच्या आदल्या दिवशी सारे रस्ते बंद झाले.

त्या आठवड्यात आमच्या घरात दोन भये समोरासमोर उभी होती. रुग्णालयात गेलो तर कोरोना होईल हे एक, आणि गेलो नाही तर कर्करोग वाढेल हे दुसरे. यांतील पहिले भय दूरदर्शनवर दिवसरात्र बोलत होते. दुसरे मात्र मुके होते. कर्करोग दार वाजवून येत नाही आणि उपचार चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही. त्यामुळे बोलणाऱ्या भयाचा विजय होतो आणि मुक्या भयाचा विसर पडतो. शेजारीपाजारी, नातेवाईक, सर्वांनी एकच सल्ला दिला : "जीव वाचला तर उपचार. आता कुठे बाहेर जाऊ नका."

हे केवळ आमच्याच घरी घडले असे नाही. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील ४१ रुग्णालयांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी केली. २०१९ मध्ये तेथे १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ५१,७६०. निम्म्याहून अधिक घट! मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० होत्या, त्या ८,६७७ वर आल्या. बाह्यरुग्ण विभागातील केमोथेरपी ३७ टक्क्यांनी कमी झाली. आता मला सांगा, त्या तीन महिन्यांत देशातला कर्करोग निम्म्यावर आला होता काय? रोग होता तेवढाच होता. रुग्ण तेवढे दारापर्यंत पोहोचले नाहीत.

आणि पोहोचणे अशक्य होते असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या अवधीत, म्हणजे ऐन टाळेबंदीत, कर्करोगाच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. योग्य दक्षता घेतली तर साथीतही उपचार होऊ शकतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

माझी तिसरी मात्रा

२६ मार्चला मी घरीच होते. माझे यजमान परवान्यासाठी एका कार्यालयात गेले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने त्यांना परत पाठवले. "कर्करोग हा तातडीचा आजार नाही," असे तो म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते. अपघात तातडीचा, बाळंतपण तातडीचे, हृदयविकाराचा झटका तातडीचा, एवढेच आपण सर्वांनी शिकलेले आहे. एकवीस दिवसांच्या हिशेबाने चालणाऱ्या उपचारालाही वेळेचे बंधन असते, हे आपल्या मनात अजून रुजलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रामसेवकाने एक साधी युक्ती सुचवली. रुग्णालयाला दूरध्वनी करून पुढील उपचाराची तारीख लिहिलेले पत्र भ्रमणध्वनीवर मागवावे, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि केमोथेरपीचा तक्ता त्याला जोडावा आणि मग अर्ज करावा. तसे केले. तहसील कार्यालयातून परवाना मिळाला, गावातील एकाने आपली जीप दिली आणि ३१ मार्चला, पाच दिवस उशिरा, माझी तिसरी मात्रा झाली. राज्याच्या सीमेवर पोलिसांनी गाडी थांबवली, कागद पाहिले आणि वाट मोकळी करून दिली. ते कागद नसते तर शब्दांवर कोणी विश्वास ठेवला असता असे मला वाटत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, ज्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे त्यांनी एक फाईल सदैव तयार ठेवावी. तीत गाठीच्या तपासणीचा अहवाल, शस्त्रक्रियेचा तपशील, कोणते औषध किती दिले याचा तक्ता, शेवटची रक्ततपासणी आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक असावा. तिची एक प्रत घरी आणि एक छायाचित्ररूपाने भ्रमणध्वनीत ठेवावी. वाट बंद झाली आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जावे लागले, तर हीच फाईल रुग्णाच्या वतीने बोलते.

ती रात्र

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगते.

केमोथेरपीचे औषध वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात, म्हणून त्या मरतात. पण आपल्या हाडांच्या मगजात रक्ताच्या पेशीही वेगाने तयार होत असतात. त्यांनाही तो घाव बसतो. त्यामुळे औषध घेतल्यानंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी पुष्कळ कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. ते रजेवर असताना जो साधा जंतू एरवी दोन शिंकांत निघून जातो, तो रक्तात शिरून प्राणावर बेतू शकतो. यासाठीच डॉक्टर सांगतात की, केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर दिवस असो वा रात्र, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. ताप उतरवणारी गोळी परस्पर घेऊ नये; ती ताप झाकते, जंतू मारत नाही.

हे सर्व मला सांगितलेले होते. माझ्या वहीत मीच ते लिहून घेतले होते. चौथी मात्रा २१ एप्रिलला झाली आणि बरोबर दहाव्या दिवशी, १ मेच्या संध्याकाळी, मला थंडी वाजून आली. तापमापकात १०१ अंश दिसले. आणि मी काय केले? एक गोळी घेतली, पांघरूण ओढले आणि यजमानांना सांगितले की, थकवा आहे.

का? कारण गावात तापाची भीती होती. मी दर तीन आठवड्यांनी हैदराबादला जाऊन येते, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मुखपट्टी आहे, एवढ्यावरून काहींनी मला कोरोना ठरवूनच टाकले होते. जिच्या वर्गात त्यांची मुले शिकली, तिच्या अंगणापुढून ते रस्ता ओलांडून पलीकडून जात. ज्या शाळेत मी तीस वर्षे काढली ती शाळाच तेव्हा विलगीकरण कक्ष झालेली होती. आपल्याच फळ्यासमोर आपल्याला एकटे टाकतील, या कल्पनेने मी रात्रभर ताप दाबून पडले.

सकाळी घरोघर तपासणी करणारी आशा कार्यकर्ती आली. शेजारणींनी तिला आमचे घर टाळायला सांगितले होते. तिने टाळले नाही. माझा हात हातात घेताच तिने ओळखले. तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. थेट १०८ क्रमांकावर दूरध्वनी केला. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा पांढऱ्या पेशी नावालाच उरल्या होत्या. लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. घशाचा नमुनाही घेतला, कोरोना नव्हता. सहाव्या दिवशी मी घरी परतले. डॉक्टर म्हणाले, "अजून एक रात्र गेली असती तर सांगता आले नसते."

कोरोनापासून वाचण्यासाठी मी मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले. आणि मला तेथे नेणारा कोणता विषाणू नव्हता. लोक काय म्हणतील ही भीती होती.

वाट कळली की भीती कमी होते

या शहराला साथींचा इतिहास आहे. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. तोवर हिवताप दूषित हवेने होतो अशी समजूत होती, आणि हवेपासून कोण पळणार? डास ही वाट आहे असे कळल्यावर मच्छरदाणीचे मोल कळले. रोग कोणत्या वाटेने येतो हे कळले की, माणूस सगळ्याच वाटा बंद करीत नाही. नेमकी तीच बंद करतो.

आपल्या आजोबा-पणजोबांनी प्लेग पाहिला. गावात उंदीर पडू लागले की, लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहायला जात. पण घर सोडले म्हणून त्यांनी शेत सोडले नाही. कोरोनाच्या विषाणूची वाटही आता आपणांस ठाऊक आहे. तो मुख्यतः बंद जागेतील हवेतून, बोलण्या-खोकण्यातून येतो. मग केमोथेरपीच्या रुग्णाने काय बंद करावे आणि काय चालू ठेवावे?

लग्ने, बारशी, दिवस-तेरावे आणि गर्दीचे बाजार बंद. भेटीला येणाऱ्यांनी अंगणातूनच विचारपूस करावी. सर्दी-खोकला असलेल्याने तेवढेही करू नये. घरात खिडक्या उघड्या असाव्यात. रुग्णालयात जाताना नाक आणि तोंड दोन्ही झाकणारी चांगली मुखपट्टी लावावी, सोबत एकच माणूस असावा. बाहेरून येणाऱ्याने साबणाने हात धुतल्याखेरीज रुग्णाला किंवा त्याच्या ताटाला हात लावू नये. पाणी उकळून थंड केलेले, अन्न ताजे आणि शिजलेले. कच्ची कोशिंबीर, न तापवलेले दूध, उघड्यावरचे कापलेले फळ नको. फळ धुऊन, साल काढून खावे. गोठा झाडणे आणि शेणकाम त्या काळात दुसऱ्या कोणी करावे. तोंड आले असता मिठाच्या कोमट पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. आणि काढे, चूर्णे, गुळवेल यांपैकी काहीही घ्यायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण काही वनस्पतींचा यकृतावर ताण पडतो आणि केमोथेरपीचे औषध त्याच यकृतातून जाते.

उपचार मात्र चालू ठेवावेत. फार तर त्यांची मांडणी बदलावी, आणि तीही डॉक्टरांनीच. माझेच उदाहरण सांगते. प्रत्येक मात्रेआधीची रक्ततपासणी मी देगलूरलाच करून घेऊ लागले आणि अहवाल आधी पाठवू लागले. एक फेरी वाचली. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सल्ल्याचे नियम जाहीर केले होते. त्यामुळे किरकोळ विचारपूस दूरध्वनीवर होऊ लागली. पुढे किरणोपचाराची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी पाच आठवड्यांच्या पंचवीस बैठकांऐवजी तीन आठवड्यांच्या पंधरा बैठका पुरेशा ठरवल्या. असा निर्णय प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत होईलच असे नाही. पण विचारल्याशिवाय तो होत नाही. "येऊ शकत नाही" म्हणून घरी बसण्यापेक्षा "कसे येऊ?" असे विचारावे.

लस

लसीविषयी दोन शब्द. १ मार्च २०२१ पासून साठीवरील सर्वांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील व्याधिग्रस्तांना लस मिळू लागली. त्या व्याधींच्या यादीत कर्करोग होता. तरीही अनेक रुग्णांनी लस घेतली नाही, कारण अशक्त माणसाला लस बाधते असे कोणी तरी सांगितले. कोव्हॅक्सिन या हैदराबादेत तयार झाली, कोव्हिशील्ड पुण्यात. या दोन्हींत रोग निर्माण करू शकेल असा जिवंत कोरोना विषाणू नाही. केमोथेरपी चालू असताना जिवंत विषाणूच्या काही लसी वर्ज्य असतात हे खरे. म्हणूनच कोणती लस आणि दोन मात्रांमध्ये नेमकी केव्हा, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. केमोथेरपीच्या रुग्णाला लसीचा गुण कधी कमी येतो. अशा वेळी घरातील इतर सर्वांनी लस घेणे हेच त्याचे कुंपण होते.

गावाचे, कार्यालयाचे आणि शाळेचे काम

कोणी म्हणेल की, आता हे सांगण्याचे कारण काय? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. ते खरे आहे. परंतु ज्याच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत, त्याच्यासाठी दर पावसाळा ही साथच असते. आणि प्लेग गेला, एन्फ्लुएंझा गेला, कोरोना ओसरला, तशी आणखी एखादी साथ केव्हा तरी येणारच. तयारी आज करावयाची आहे.

ग्रामपंचायतीने आपल्या गावात कर्करोगाचे उपचार घेणारे किती आहेत, हे आशा कार्यकर्तीच्या मदतीने जाणून घ्यावे. मात्र ती माहिती चावडीवर चर्चेला आणू नये. त्यांच्यासाठी एखादे वाहन आणि चालक आधीच ठरवून ठेवावा.

अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, रुग्णालयाचे पत्र आणि उपचाराची तारीख हाती असेल, तर तो प्रवास तातडीचाच समजावा. रेल्वेने मार्च २०२० मध्ये अनेक सवलती थांबवल्या, पण रुग्णांच्या सवलती ठेवल्या. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे पूर्ण माफ असते, तर सोबतच्या माणसाला पाऊण भाडे माफ असते. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ही सवलत मिळते; कितीतरी लोकांना ती ठाऊकच नाही. उपचाराच्या खर्चाच्या योजनाही राज्याराज्यांच्या वेगळ्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ कोणत्या रुग्णालयात मिळेल, याची चौकशी सरहद्द ओलांडण्यापूर्वीच करावी.

शिक्षकांना मी काय सांगावे? मुलांना एवढेच शिकवा की, कर्करोग स्पर्शाने होत नाही, आणि ज्याने मुखपट्टी लावली आहे तो बहुधा आपल्यापासून स्वतःला जपत असतो. हे एका वर्गाने ऐकले तर तीस घरांत पोहोचते. माझ्या गावात ते वेळेवर पोहोचले असते, तर मी ती रात्र पांघरुणात काढली नसती.

शेवटी एका भगिनीची आठवण सांगते. ५ मार्च २०२० रोजी केमोथेरपीच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर सरहद्दीपलीकडच्या एका खेड्यातील बाई होती. तिला मराठी येत नव्हती, मला तेलुगू. मोडक्यातोडक्या हिंदीत आम्ही दिवसभर बोललो. तिची माझी मात्रा सारखीच, तारखाही सारख्याच. निघताना तिने मला डब्यातील अर्धी भाकरी दिली आणि २६ तारखेला भेटू म्हणाली.

३१ मार्चला ती नव्हती. एप्रिलमध्ये नव्हती, मे महिन्यात नव्हती. ऑगस्टमध्ये मी किरणोपचार घेत असताना ती एकदा दिसली. मुलाच्या खांद्यावर भार टाकून चालत होती. साथ ओसरली की जाऊ, असे घरच्यांनी ठरवले होते. तोवर रोग हाडांत उतरला होता. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. तिच्या गावात तोपर्यंत कोरोनाचा एकही रुग्ण सापडलेला नव्हता, असे तिच्या मुलाने मला सांगितले.

तिच्या घरच्यांचे तिच्यावर प्रेम नव्हते असे कोणी म्हणू नये. त्यांनी तिला जपण्यासाठीच दार लावून घेतले होते. दार लावावे, पण उपचारासाठी ते उघडावे, हे सांगणारा एखादा ग्रामसेवक, एखादी आशा कार्यकर्ती, एखादा शिक्षक त्या दारापर्यंत पोहोचला नाही. आपण ते पोहोचणारे व्हावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेते. नमस्कार.